पाणी नव्हतं, जाळी होती

तीन वर्षांपूर्वी एका ग्रुप शोमध्ये माझी अकरा ड्रॉइंग्ज होती. चारकोल आणि शाई, कागदावर. स्टुडिओच्या खिडकीसमोरच्या बिल्डिंगची डागडुजी चालू होती त्या दिवसांतली, म्हणजे परांची, परांचीवर उभी, बसलेली, वाकलेली माणसं, आणि या सगळ्यावरून वरपासून खालपर्यंत सोडलेली हिरवी जाळी, जी माझ्याकडे अर्थातच हिरवी नव्हती, शाईत भरपूर पाणी घालून एकावर एक दिलेले करडे वॉश होते. ओपनिंग झालं, ओळखीचे लोक आले, फोटो काढले, गेले. चौथ्या दिवशी दुपारी गॅलरीत चिटपाखरू नव्हतं म्हणून मी उगाच माझ्याच भिंतीसमोर जाऊन उभी राहिले, शेजारी चिकटवलेला मजकूर वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला कळलं की हा माझा नाहीच.

बाजूच्या भिंतीवर ज्याची चित्रं होती त्याचा होता. त्याचं काम पाण्यावर, मोठे निळे-काळे कॅनव्हास. त्याच्या मजकुरातला 'पाणी आणि स्मृती यांच्यातला प्रवाही अवकाश' माझ्या परांचीशेजारी लागला होता आणि माझं 'श्रमाचं अदृश्यत्व' आणि 'शहरी अवकाशातला तणाव' त्याच्या पाण्याशेजारी. चार दिवस. गॅलरीतल्यांना कळलं नाही, त्याला कळलं नाही, आणि मला कळलं नाही हे तर सगळ्यात भारी, कारण मी रोज येत होते.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दारातल्या वहीत कुणीतरी लिहिलं होतं, 'पाण्याची हालचाल फार सुंदर पकडली आहे', ते मी दुसऱ्याच दिवशी वाचलेलं आणि म्हणलं चला, त्याचं कौतुक होतंय. ओपनिंगला एक मैत्रीण, जी आयुष्यभर चित्रं बघत आलीये, माझ्या चौथ्या ड्रॉइंगसमोर थांबून म्हणाली होती, ही लाट कशी अंगावर येते बघ, आणि मला वाटलं ती आपली तिच्या पद्धतीने बोलतेय. लाटच म्हणत होती ती. जाळीला.

आणि आता खरी गोष्ट सांगते. मजकूर वाचून मी मान वर केली तर मलाही पाणी दिसलं. वॉश जिथे एकमेकांवर चढले होते तिथे चक्क ओल होती, माणसं बुडत होती किंवा पोहत होती, परांचीचे उभे-आडवे बांबू म्हणजे धक्क्याचे खांब. दहा महिने ज्या जाळीकडे बघत बसले होते ती एका परिच्छेदाने पुसून टाकली. गॅलरीतल्या मुलाला सांगितलं, तो ओशाळला, दहा मिनिटांत कागद अदलाबदल झाले, दोन्हीकडे चिकटपट्टीचे डाग राहिले. विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या कागदाला आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणतात. दीडशे शब्द. ते मागतात कधी, तर फ्रेमिंग अर्धवट असतं, दोन चित्रं अजून ओली असतात आणि आपण तीन रात्री झोपलेलो नसतो तेव्हा. मग माणूस काय करतो, मागच्या शोची फाइल उघडतो आणि त्यातली नामं बदलतो. 'देह' होतं तिथे 'शहर', 'मौन' होतं तिथे 'श्रम'. क्रियापदं तीच राहतात. 'वेध घेणे', 'प्रश्न उपस्थित करणे', 'धूसर करणे'. मी वीस वर्षं सीमारेषा धूसर करतेय, अजून एकही धूसर झालेली नाही.

हा आपल्याकडचाच रोग आहे असंही नाही. २०१२ मध्ये अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी, एक समाजशास्त्राची अभ्यासक आणि एक कलाकार, ई-फ्लक्स नावाच्या सेवेवरून जगभरच्या प्रदर्शनांची जी निवेदनं वर्षानुवर्षं जात होती ती सगळी घेतली आणि भाषा तपासायच्या सॉफ्टवेअरमधून काढली. म्हणाले, ही इंग्रजी नाहीच, ही वेगळीच बोली आहे, वाईट भाषांतर केलेल्या फ्रेंचसारखी ऐकू येते. त्यांनी ज्या शब्दांची खिल्ली उडवली त्यात 'स्पेस' होता. कशालाही स्पेस. तो वाचला आणि मला आमचा 'अवकाश' आठवला, म्हणजे फ्रेंचमधून इंग्रजीत आलेलं धुकं आम्ही मराठीत आणून वर संस्कृतचं इस्त्रीचं धोतर नेसवलं. बोलताना कुणी अवकाश म्हणत नाही. बोलताना आम्ही म्हणतो, 'इथे जरा मोकळं सोड ना, गिचमिड होतंय.'

तर मुद्दा असा नाही की चित्रकाराने लिहू नये, गप चित्र काढावं. हे मला लहानपणापासून ऐकवलंय आणि ते चूक आहे. व्हॅन गॉगची आठशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत, बहुतेक भावाला, थिओला, लिहिलेली. लोक त्यातले तारे आणि सूर्यफुलं काढून मग्जवर छापतात. मला त्यातल्या रंगांच्या ऑर्डरी आवडतात, कुठला पांढरा, मोठ्या ट्यूब किती, छोट्या किती, पैसे पोचले का, पुढचे कधी पाठवशील. थिओच्या पैशावर ती चित्रं उभी आहेत आणि हे लपवायची त्या पत्रांना गरज पडत नाही. आपल्या स्टेटमेंटमध्ये पैसा नावाची वस्तूच नसते.

गंमत म्हणजे समकालीन कलेत आता लिहिलेला कागद हाच बऱ्याचदा विकला जातो. सोल लेविटने १९६८ पासून भिंतचित्रं केली ती म्हणजे सूचना, इतक्या अंतरावर रेघा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र. भिंतीवर काढणारे दुसरेच. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅस मोका म्युझियममध्ये त्याची १०५ भिंतचित्रं २००८ पासून मांडलेली आहेत, ती काढायला साठ-पासष्ट माणसं सहा महिने राबली. यातली एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे त्या चित्रांच्या माहितीत 'पहिल्यांदा कुणी काढलं' याची रीतसर नोंद असते. नावानिशी. कल्पना कितीही शुद्ध असली तरी पेन्सिल कुणाच्या हातात होती ते लिहून ठेवलंय.

आणि दुसऱ्या टोकाला ते केळं. मॉरिझिओ कॅटेलानचं, भिंतीला डक्ट टेपने चिकटवलेलं. २०१९ मध्ये मायामीत १ लाख २० हजार डॉलरला गेलं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्याच एका आवृत्तीचे फी धरून ६२ लाख डॉलर झाले, आणि विकत घेणाऱ्याने ते कॅमेऱ्यासमोर खाल्लं. खाल्लं तरी काही बिघडत नाही, कारण विकत घेतलंय ते प्रमाणपत्र आणि लावायच्या सूचना, केळं दर काही दिवसांनी बदलायचंच असतं. मला कॅटेलानचा राग येत नाही, विनोद चांगला आहे. पण लिलावातलं ते केळं ज्या फूटपाथवरच्या विक्रेत्याकडून ३५ सेंटला आणलं होतं त्याला एका पत्रकाराने गाठून किंमत सांगितली तेव्हा तो म्हातारा रडला, ही बातमी वाचल्यापासून मला ते केळं एकटं दिसतच नाही. चित्राच्या माहितीत केळं आहे, टेप आहे, गाडीवाला नाही.

इथे मला मिअर्ल लेडरमन युकेलिस आठवते आणि तिच्याबद्दल जरा लांबण लावणार आहे, कारण चित्रकाराच्या लिखाणाने काय होऊ शकतं याचं माझ्यापुरतं सगळ्यात मोठं उदाहरण तीच आहे. १९६८ मध्ये तिला मूल झालं. गरोदर असतानाच तिच्या एका शिक्षकाने ऐकवलं होतं की आता काही तू कलाकार होत नाहीस. मूल झाल्यावर दिवस दोन तुकड्यांत फाटला, अर्धा दिवस कलाकार, अर्धा दिवस लंगोट. १९६९ मध्ये ती बसली आणि एका बैठकीत जाहीरनामा लिहून काढला. त्यात ती म्हणते की जगात दोन यंत्रणा आहेत, एक नवं घडवणारी आणि एक ते टिकवणारी. नवं घडवणाऱ्याचा उदो उदो होतो आणि टिकवणारी सगळा वेळ खाते, कंटाळवाणी असते, पैसे कमी मिळतात. आणि मग तो प्रश्न, जो वाचून मी स्टुडिओत एकटीच मोठ्याने हसले होते: क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार?

आता असा जाहीरनामा लिहून बरेच जण पुढच्या जाहीरनाम्याकडे वळतात. ही वळली नाही. ती म्हणाली मी जे घरात करते, झाडणं, पुसणं, धुणं, तीच माझी कला, आणि ती म्युझियममध्ये करीन. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॅड्सवर्थ अथेनियम म्युझियमच्या पायऱ्या तिने बादलीभर पाणी ओतून गुडघ्यांवर बसून घासल्या. फोटो आहेत. दगडी पायरीवरून ओघळणारं पाणी आणि वाकलेली पाठ. १९७७ पासून ती न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात आर्टिस्ट-इन-रेसिडेन्स आहे, बिनपगारी. आणि १९७९-८० मध्ये जवळपास अकरा महिने ती शहरभर फिरली, प्रत्येक विभागात, प्रत्येक पाळीला, आणि खात्यातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला. प्रत्येकाला तेच वाक्य, शहर जिवंत ठेवल्याबद्दल धन्यवाद.

साडेआठ हजार. एका दिवसाला किती होतात, हात किती दुखला असेल, तिसऱ्या महिन्यात ते वाक्य तोंडात रबरासारखं झालं असेल का, मी असले हिशेब करत बसते. मला तिच्याबद्दल एक शंकाही आहे, की हात मिळवून त्या माणसाच्या पाठीचं दुखणं कमी झालं का, पगार वाढला का. नाही झाला हस्तांदोलनाने, तिलाही ते माहीत असणार. पण एक आहे, तिच्या तोंडी 'श्रम' हा शब्द आला तेव्हा त्याला बोटं होती.

माझ्या 'श्रमाच्या अदृश्यत्वा'ला नव्हती. हे मला त्या चौथ्या दिवशी गॅलरीतून निघताना कळलं, आणि नीट कळायला वर्ष गेलं. समोरच्या परांचीवर सात माणसं होती. मी दहा महिने, रोज साधारण दहा ते एक, ऊन समोरच्या भिंतीवर असेपर्यंत, त्यांना बघत होते. कोण डावखुरा, कोण दुपारी झोपतो, कोण दोरावरून खाली येताना डोळे मिटतो, मला पाठ होतं. त्यातल्या एकाने एकदा माझ्याकडे बघून हात हलवला होता आणि मी चारकोल हातात असलेला हात हलवला होता, बस. अकरापैकी चार ड्रॉइंग्ज विकली गेली. श्रम अदृश्य असतात असा मजकूर लिहिला. आणि सातपैकी एकालाही नाव विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून रस्ता ओलांडायला किती लागतं हो, दोन मिनिटं.

मजकूर पाण्याशेजारी खपला तो यामुळेच. त्यात कुणी नव्हतंच. ज्या मजकुरात एकही नाव, एकही पत्ता, एकही आकडा नाही तो कुठल्याही चित्राशेजारी शोभून दिसतो, सोफ्याच्या कव्हरसारखा. 'समाज' हा शब्द आम्ही चित्रकार लोक इतका वापरतो, समाजाशी संवाद, समाजाचं प्रतिबिंब, समाजाचे घाव, आणि त्या समाजात राहतं कोण विचारलं तर गप्प.

हान्स हाकेने पत्तेच लिहिले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्याचं प्रदर्शन ठरलं होतं, त्यातल्या एका कामात शहरातल्या जुनाट चाळवजा इमारतींचे साधे, कोरडे, जवळजवळ कंटाळवाणे काळे-पांढरे फोटो आणि प्रत्येकाखाली टाइप केलेली माहिती: पत्ता, प्लॉट, मालक कोण, गहाण कुणाकडे. सगळी माहिती सरकारी दप्तरातून काढलेली, कुणीही जाऊन बघावी अशी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावामागे शेवटी एकाच गोताची मालकी निघत होती. म्युझियमने उद्घाटनाच्या काही आठवडे आधी प्रदर्शन रद्द केलं, क्युरेटर एडवर्ड फ्रायची नोकरी गेली. हाकेने त्याऐवजी 'शहरी अवकाशातली विषमता' म्हणून काहीतरी धूसर टांगलं असतं तर ओपनिंगला त्याच घरमालकांनी येऊन टाळ्या वाजवल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्याकडे चित्तप्रसाद. बंगालच्या दुष्काळात, १९४३ मध्ये, तो मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला, काळ्या शाईत चित्रं काढली आणि बरोबर लिहीत गेला. त्या रेखाटनांवर नुसती हाडं नाहीत, टिपणं आहेत, हा कोण, कुठल्या गावचा, याचं काय गेलं. उपाशी माणसाचं चित्र काढणं ही मोठी चोरटी गोष्ट असते, कारण तो हलत नाही, मॉडेल म्हणून सोयीचा असतो, वाईट वाटतं हे लिहायला पण खरं आहे. नाव विचारलं की चित्रकाराची ती सोय संपते. 'हंग्री बेंगाल' नावाने ते पुस्तिकेसारखं निघालं तर ब्रिटिश सरकारने पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. त्याच्या घरच्यांकडे एक प्रत शिल्लक राहिली, त्यावरून कितीतरी वर्षांनी पुन्हा छापलं गेलं. जाळपोळ कशाची झाली असेल, चित्रांची की मजकुराची, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारते आणि दर वर्षी वर्गात भांडण लागतं. माझं मत, दोन्ही शेजारी होते त्याची.

नावाचं दुसरं एक टोक आहे, ते आमच्या जातभाईंना गैरसोयीचं. आम्ही कोपऱ्यात सही करतो. वारली लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायका सही करत नव्हत्या, तांदळाचं पीठ, गेरूची भिंत, आणि म्युझियमच्या पाटीवर काय, तर 'वारली'. म्हणजे शहरातल्या माणसाला स्वतःचं नाव आणि डोंगरातल्या माणसाला जमातीचं. जिव्या सोमा म्हशे यांनी कागदावर काढायला सुरुवात केली, लग्नकार्य नसताना, रोज, आणि पाटीवर त्यांचं नाव आलं. १९८९ च्या पॅरिसच्या त्या मोठ्या प्रदर्शनात ते जगभरच्या समकालीन कलाकारांच्या रांगेत होते, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. छानच झालं. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या त्या बायका पाटीवर कशा आणायच्या ते मला अजून सुचलेलं नाही, आणि ज्यांना सुचलंय असं ते म्हणतात त्यांचे मजकूर वाचले की परत तोच 'अवकाश' भेटतो.

आता माझ्याच बोलण्याला खोडा घालते. प्रभाकर बरवे. मराठीत चित्रकाराने लिहिलेलं काय वाचू असं कुणी विचारलं तर मी अजूनही 'कोरा कॅनव्हास'च सांगते, आणि त्या माणसाच्या लिखाणात समाज जवळजवळ नाहीच. घड्याळ, पान, किल्ली, अक्षर, दोन वस्तूंमधली रिकामी जागा. वर्षानुवर्षं डायऱ्या लिहिल्या, आणि चित्रं चक्क इनॅमलमध्ये, म्हणजे आपण दारं-खिडक्या रंगवतो तसला चकचकीत रंग घेऊन इतकी शांत. मग माझ्या नावं-पत्ते-आकड्यांच्या कसोटीवर बरवे नापास का? नाहीत. कारण ते जेव्हा पान म्हणतात तेव्हा ते पान असतं, त्याच्या जागी वाटी ठेवून चालत नाही. त्यांचा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या चित्राशेजारी चिकटवून बघा, दहा मिनिटांत पडेल. म्हणजे मला जे नाव-नाव म्हणायचं होतं ते बहुतेक हेच, की लिहिलेली गोष्ट दुसरीकडे हलवता येता कामा नये.

आणि समाज काय, तो न बोलावता येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं, उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते, जे स्वतः जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले. ते गॅलरीच्या सल्लागार समित्या रद्द झाल्याबद्दल बोलायला लागले तर मधेच थांबवून सांगितलं गेलं, बरव्यांवरच बोला. तो व्हिडिओ मी दोन-तीनदा बघितला. आयुष्यभर रिकाम्या जागेचा विचार केलेल्या माणसाच्या भिंतींपुढे, कुठली जागा कशासाठी मोकळी आहे यावर वाद.

असो. तर त्या शोनंतर मी एक वही केली. नियम एकच, आज काय झालं तेवढंच लिहायचं, अर्थ लिहायचा नाही. नमुना देते. '१०.२० आत. काल ताणलेला कागद डावीकडे फुगलाय. १०.४५ पहिला वॉश, त्यात केस, काढायला गेले तर डाग, डाग ठेवला. ११.१५ कुरिअरवाल्याशी फोनवर भांडण. १२.१० मुलीच्या शाळेतून फोन, निघाले. कागद तसाच.' आठ महिने लिहिली. एका महिन्याचा हिशेब घातला तर स्टुडिओत १२६ तास आणि त्यातले हात प्रत्यक्ष कागदावर ४१. बाकीचे ८५ तास म्हणजे युकेलिसबाईंचा तो दुसरा भाग, धुणं, पुसणं, पॅकिंग, मेल, वाट बघणं. माझ्या एकाही स्टेटमेंटमध्ये हे ८५ तास कधी आलेले नाहीत. आणि वहीत एक माणूस पुन्हा पुन्हा यायला लागला, ज्याची मला अपेक्षा नव्हती, तो म्हणजे फ्रेमवाला. दर चार-पाच पानांनी आहेच. 'फ्रेमवाल्याने माउंट ऑफव्हाइट सांगितलं, मी पांढरा म्हणाले, त्याचं बरोबर निघालं.' (माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट.) असं तीनदा.

सात जणांना शोधायचा प्रयत्न पण केला, उशिरा का होईना. समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडून कॉन्ट्रॅक्टरचा नंबर घेतला. तो म्हणाला, मॅडम कुठली गँग, वर्षात दहा गँग बदलतात, काही चोरीला गेलं का? नाही म्हणलं. मग कशाला पाहिजेत? मला उत्तर देता आलं नाही, म्हणजे फोनवर देता येईल असं नव्हतं. एकच नाव मी तेव्हा ऐकलेलं, दिवसभर ओरडून हाक मारायचे, पण ते सातांतलं कुणाचं ते मला आजही सांगता येणार नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.

आता उरलेली सात ड्रॉइंग्ज पुन्हा एका शोमध्ये चाललीयेत, वेगळी गॅलरी. स्टेटमेंट मागितलं. या वेळी जुनी फाइल उघडली नाही. लिहिलं ते असं: चारकोल आणि शाई, कागदावर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, दहा महिने, सकाळी दहा ते एक. समोरच्या इमारतीवर सात जण काम करत होते. चित्रकाराने त्यांची नावं विचारली नाहीत. करड्या भागात जे दिसतं ती परांचीवरची जाळी आहे. आणि शेवटी फ्रेम कुणी केल्या ते लिहायचं ठरवलं म्हणून फ्रेमवाल्याकडे गेले, म्हणलं तुमचं नाव टाकतेय भिंतीवर, चालेल ना. तो माउंट कापत होता, पट्टी न हलवता म्हणाला, नाव कशाला, फोन नंबर टाका.

टाकला. नाव पण, नंबर पण.

परवा गॅलरीचा मेल आला. मजकूर 'फ्रेश' आहे म्हणे, आवडला. नावं विचारली नाहीत हे वाक्य जरा निगेटिव्ह जातंय, बघा काही करता येईल का, पण आग्रह नाही. जाळीचं वाक्य काढलं तर प्रेक्षकाला इंटरप्रिटेशनला वाव राहील. फोन नंबर मात्र भिंतीवर घेता येणार नाही, कमर्शियल दिसतं. सोबत किमतींची यादी जोडलीये, त्यात गॅलरीचे चाळीस टक्के धरलेत, ती तपासून आज संध्याकाळपर्यंत परत पाठवा.